तुर्रेवाले, कलगीवाले आणि एक उत्तर न मिळालेला सवाल



मी बुऱ्हाणपूरचा म्हटलं की समोरचा माणूस हमखास दोन गोष्टी विचारतो. मुमताजमहल तुमच्याकडेच वारली ना? आणि दुसरं, मावा जिलबी आणलीत का? दोन्हींना उत्तर हो असंच द्यावं लागतं. मुमताज १६३१ साली आमच्याच गावात गेली, तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केलं, मग आग्र्याला नेलं. आणि जिलबी तर पिशवीत असतेच.

पण तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही, ती म्हणजे आमच्या गावातलं गाणं. खरं तर हे गाव गाण्याचंच. पंधराव्या शतकातले सूफी संत शेख बहाउद्दीन इथेच राहिले, इथेच त्यांची समाधी आहे. कवी म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं ‘बाजन’. हिंदवीत पदं रचायची आणि ती रागात गायची, असा त्यांचा शिरस्ता. शहाजहानच्या नावाशी जोडलेली गुलारा गाणारीच होती असं सांगतात. तिच्या नावाचा महाल उतावली नदीवर आजही उभा आहे. आणि दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबासारखा माणूस ज्या हिराबाईवर भाळला ती ‘जैनाबादी’ही गायिकाच. म्हणजे ज्या औरंगजेबाच्या नावाने गाणं गाडल्याच्या गोष्टी सांगतात, त्याचं मन गाण्याने चळलं ते आमच्या तापीच्या काठावर!

हे झालं पुस्तकातलं. मला लिहायचंय ते पुस्तकात न आलेल्या गाण्याबद्दल. माझं वय आता पंचाहत्तर. जे कानांनी ऐकलं ते लिहून ठेवावं, नाहीतर आमच्याबरोबरच जाईल.

आमचं घर राजपुऱ्याच्या बाजूला. गल्लीत मराठी घरं बरीच, पलीकडच्या गल्लीत मोमीन विणकर, मध्ये गुजराती, एक-दोन बोहरी. घरात मराठी, ओट्यावर हिंदी, बाजारात निमाडी आणि भांडणात सगळ्या. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. पण आमच्या आजोबांना हा फरक शेवटपर्यंत पटला नव्हता. ते नागपूरच्याच नावाने अर्ज लिहीत.

त्या काळात गाणं ऐकायला कुठे ‘जायचं’ नसे. ते वाराप्रमाणे येत असे. एकादशीला मराठी भजनी मंडळ, टाळ-मृदंग आणि पायपेटी. गुरुवारी दर्ग्यात कव्वाली, तिथे आम्ही पोरं दाराशी चपला सांभाळायच्या निमित्ताने बसायचो. नागझिरी घाटाकडे कबीरपंथीयांचं स्थान, तिकडे निर्गुणी भजनं. खेड्यातून आलेली माणसं संत सिंगाजींची पदं म्हणायची, मृदंग आणि झांजा. नवरात्रात बालाजीच्या मेळ्याला गाव लोटायचं. आणि होळीपासून रंगपंचमीपर्यंत रात्री असायची ती ‘दंगल’. कुस्तीची नव्हे, कलगी-तुर्ऱ्याची. आज लिहायचंय ते मुख्यतः हिच्याबद्दल.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. कलगी-तुरा आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. पेशवाईतल्या शाहिरांपासून हे दोन पक्ष आहेत. कोकणात ‘शक्ती-तुरा’ म्हणतात, देशावर ‘भेदिक’. तुरेवाले शिवाला, पुरुषाला मोठं मानणार. कलगीवाले शक्तीला, मायेला. निमाडात आणि माळव्यात याची कथा अशी सांगतात: चंदेरीच्या दरबारात दोन फकीर गाणारे भिडले. एक संन्यासी तुकनगीर, दुसरे शाहअली. कुणीच हरेना. तेव्हा राजाने आपल्या मुकुटातला तुर्रा एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला. तुकनगीरांचा झेंडा भगवा, शाहअलींचा हिरवा. इतिहासात हे किती बसतं ते इतिहासवाल्यांनी बघावं. मला त्यातलं आवडतं ते एवढंच, की राजाने निकाल दिला नाही. दोघांनाही देऊन टाकलं आणि भांडण चालू ठेवलं!

इथे ‘लावणी’ म्हणजे आपल्या फडातली नाचाची लावणी नव्हे बरं का. इथे लावणी आणि ख्याल म्हणजे जमवून बांधलेलं पद. त्यात वेदान्त, पुराण, हिशेब, कोडी, टोमणे, सगळं. भाषा खडी हिंदी, तिच्यात निमाडी, मधूनच मराठी, वर उर्दूची फोडणी. साथीला चंग. चंग म्हणजे मोठा डफ, लाकडी कड्यावर बकरीचं कातडं ताणलेलं. थंडीने कातडं सैल पडलं की निखाऱ्यावर शेकायचं, मग टणत्कार सुटतो. त्या शेकलेल्या कातड्याचा वास मला अजून येतो.

आमच्या मोहल्ल्यात तुर्ऱ्याचा अखाडा. त्याचे उस्ताद मोमीन विणकर होते. दिवसा मागावर, पुढे पॉवरलूमवर. सकाळी नमाज, रात्री शिव-पार्वतीचा संवाद. आणि आमच्यासमोरचे कलगीवाले नदीपलीकडच्या खेड्यातले, त्यांचे उस्ताद शेतकरी, गुजर. म्हणजे शिवाची बाजू मुसलमान लढवतोय आणि शाहअलींच्या हिरव्या झेंड्याखाली माळकरी शेतकरी बसलाय. तेव्हा यात कुणालाही काही विशेष वाटत नसे. अखाडा गुरूकडून मिळायचा, जातीवरून नाही.

दंगलीचे नियम कडक. रात्री नऊ-दहाला सुरुवात, दोन्ही पक्ष एकाच सतरंजीवर समोरासमोर. आधी गणेश, मग सरस्वती, मग गुरू. मग एका बाजूने सवाल टाकायचा, पदातूनच. दुसऱ्याने त्याच रंगतीत, म्हणजे त्याच चालीत आणि त्याच यमकात जवाब द्यायचा. रंगत बदलली की हार. शिवी दिली की हार. टोमणा चालेल, पण तोही यमकात. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: जवाब त्या रात्री सुचला नाही तर मुदत मागता येते. पुढच्या होळीपर्यंत. मुदत दिली की त्या एका वर्षात सवाल विचारणाऱ्याने तो सवाल दुसऱ्या कुठेही गायचा नाही. म्हणजे समोरच्याची अडचण गावभर करायची नाही. ही सभ्यता बघा. हरलेला माणूस वर्षभर आपल्या शेतात नांगर धरून उत्तर जुळवत बसणार आणि जिंकलेला तोंड शिवून बसणार.

हे सगळं बाडात लिहिलेलं असे. लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या, काही पानं देवनागरीत, काही उर्दूत. बाड उस्तादाच्या पेटीत, किल्ली उस्तादाच्या करगोट्याला. शागिर्दालासुद्धा एका वेळी एकच ख्याल मिळायचा, तोही तोंडी. आजच्या पोरांच्या भाषेत ‘अंडरग्राउंड’ म्हणतात तसलंच हे काहीतरी. पत्रक नाही, तिकीट नाही, स्टेज नाही. बाहेरच्याला पत्ता लागायचा नाही आणि आतल्याला सांगावं लागायचं नाही. दुपारी उस्तादांच्या ओट्यावर चंग टांगलेला दिसला की समजायचं, आज रात्री आहे.

मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे माझ्याकडे खर्चाची वही आली. १९६८ च्या होळीचा एका रात्रीचा हिशेब मला अजून पाठ आहे. रॉकेल २ रुपये १० पैसे, पेट्रोमॅक्सच्या दोन जाळ्या १.५०, चहा-साखर-दूध ५.३०, विड्या १.००, कोळसा १.५०. एकूण ११ रुपये ४० पैसे. गाणाऱ्याला मानधन: शून्य. त्या रकान्यात मी एकदा ‘निरंक’ असं लिहिलं तर उस्ताद हसले होते. चंगवर कुणी नाणं टाकलंच तर ते तेलाच्या खात्यात. उस्ताद म्हणायचे, “बेटा, तेल को पैसा लगता है, गले को नहीं.”

एक सवाल मात्र माझ्या डोक्यात कायमचा बसला. तो आमच्या उस्तादांनी १९८३ च्या होळीला टाकला. मी तेव्हा बाहेरगावच्या शाखेत होतो, रजा काढून आलो होतो. सवालाचा मतलब असा: माणसाचे दिवसरात्रीचे श्वास एकवीस हजार सहाशे. त्यातला तिसरा हिस्सा झोपेत जातो, तेव्हा ना त्यावर नाम, ना मोजदाद. तर बोल कलगीवाल्या, हे न मोजलेले श्वास कोणाच्या खात्यात जमा होतात? तुझ्या मायेच्या की माझ्या शिवाच्या?

मी तिथेच मनात हिशेब केला. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे, चोवीस तासांचे २१,६००. बरोबर. तिसरा हिस्सा ७,२००. आता सांगा, ज्या माणसाने दिवसभर लोकांची खाती जुळवलीत त्याला हा सवाल आवडणार नाही? बँकेत एक पैसा जास्त निघाला तरी रात्री थांबून तो शोधायचा. आणि इथे रोजचे सात हजार दोनशे बेवारस!

समोरचे गुजर उस्ताद बराच वेळ गप्प राहिले. मग चंगवर हात ठेवून म्हणाले, “मुदत.” आमच्या उस्तादांनी उठून त्यांना पान दिलं. पहाट झाली होती. दोघे जण बरोबरच चहा प्यायले.

आता मी हे इतकं गोड लिहितोय तर एक सांगायलाच हवं. सगळं काही गोड नव्हतं. सतरंजीवर बाई नव्हती. आई, काकू, शेजारच्या सगळ्या बायका जोत्यावर, दाराच्या फटीतून ऐकायच्या. आत चहाचं आधण ठेवत ठेवत. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या शेकड्याने यायच्या, चैत्रात शेजारच्या निमाडी बायका गणगौरची गाणी रात्र रात्र म्हणायच्या. पण त्यांची कुणी बाडं केली नाहीत, त्यांची दंगल कुणी भरवली नाही. आई गेली आणि ओव्या गेल्या. दुसरी गोष्ट म्हणजे ‘गळ्याला पैसा लागत नाही’ असं म्हणणं ज्यांचं पोट दुसऱ्या कामावर भरत होतं त्यांना शोभत होतं. लग्नात सनई वाजवणारे, बँडवाले, डफडीवाले यांचं पोटच गळ्यावर आणि हातावर. त्यांना पैसे घेतात म्हणून आमच्या सतरंजीवर जागा नव्हती, आणि पैसे तरी किती मिळत? जेवायला शेवटच्या पंगतीत. तेव्हा ‘त्या काळी कला विकत नव्हते’ असं कुणी म्हणालं की मला ते बँडवाले आठवतात.

बदल एका दिवसात झाला नाही. रेडिओ होताच. बुधवारी बिनाका गीतमाला लागली की भजनी मंडळाचे अर्धे टाळकरी पानाच्या ठेल्यावर. शिवाय आमच्यापासून सत्तर-एक किलोमीटरवर खंडवा, किशोरकुमारचं गाव. सत्तरच्या दशकात आमच्या भागातल्या प्रत्येक तिसऱ्या पोराला वाटायचं की आपल्यातही तो दडलाय. ऑर्केस्ट्रा निघाले. गणपतीत मेळ्यांच्या जागी ऑर्केस्ट्रा आला, वर्गणी वाढली. त्याची मजा आम्हीही लुटली, खोटं कशाला बोलू. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये किशोरकुमार गेले आणि अंत्यसंस्काराला त्यांना खंडव्याला आणलं, तेव्हा आमच्याकडची माणसं मिळेल त्या गाडीने तिकडे गेली होती.

पण कलगी-तुर्ऱ्याला ऑर्केस्ट्राने मारलं नाही. त्याचं गिऱ्हाईक वेगळं होतं. त्याला लागली ती कॅसेट.

१९८३ च्या त्या दंगलीनंतर पावसाळ्यात एक कॅसेटवाला आला. बाहेरगावचा, नाव सांगत नाही. लोकगीतांच्या कॅसेटी तेव्हा धडाधड निघत होत्या. घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते आणि ट्रकवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांना आपल्या बोलीतलं काहीतरी हवं होतं. त्याने आमच्या उस्तादांना गाठलं. त्यांना वाटलं, चांगलंच आहे, आवाज राहील. एका खोलीत गोधड्या टांगून दोन दिवस रेकॉर्डिंग झालं. तासभर चालणारा ख्याल पाच मिनिटांत बसवा म्हणाला, कारण कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची आणि तिच्यात सहा ‘आयटम’ हवेत. उस्तादांनी बसवला. पाचशे रुपये आणि पंचवीस कॅसेटी मिळाल्या. वेष्टणावर गाणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात आणि रचनाकाराच्या जागी ‘पारंपरिक’.

इथवरही चाललं असतं. पण त्या सहांमध्ये कॅसेटवाल्याने निवडलेला एक होता श्वासांचा सवाल. त्याला काय ठाऊक मुदतीचं? त्याच्या कानाला जो चांगला लागला तो त्याने घेतला. आणि उस्तादांनी गाताना विचार केला असेल-नसेल. मशीनसमोर गाणं म्हणजे ‘कुठेतरी गाणं’ असतं, हे त्या काळात कुणाच्या ध्यानात येणार?

दिवाळीला मी घरी आलो तर शनवाऱ्याच्या पानठेल्यापासून बसस्टँडपर्यंत तो सवाल वाजतोय. कलगीवाल्यांचा ज्याला जवाब देता आला नाही तो सवाल, पंधरा-अठरा रुपयांत, कुणालाही. बाजाराला आलेल्या त्या गुजर उस्तादांना चहाच्या दुकानात लोक विचारायला लागले, “काय पाटील, सापडले का श्वास?” त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. पण होळीच्या आधी त्यांचा निरोप आला. एकच वाक्य होतं: तुमच्याशी एका सतरंजीवर आता बसणार नाही.

१९८४ ची दंगल झाली नाही. नंतरही झाली नाही.

इकडे आमच्या अखाड्यातही त्या पाचशे रुपयांवरून फूट पडली. दोन चंगवाले म्हणाले आमचा हिस्सा कुठाय. उस्तादांनी त्या पैशांत नवी सतरंजी आणि चंगाची कातडी आणली होती, पावत्या दाखवल्या. पण एकदा हिस्सा हा शब्द निघाला की पावत्यांनी तो मिटत नाही, हे बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस तुम्हाला सांगतोय. ज्या वहीत गळ्याच्या रकान्यात ‘निरंक’ होतं तिथे आकडा आला, आणि शून्याची वाटणी करायला भांडण लागत नाही, पाचशेची करायला लागतं.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केलाय. पैसा आला म्हणून कला गेली, इतकं सरळ ते नाही. पैशाने गेली असती तर कोकणातला शक्ती-तुरा कधीच संपला असता. तो तर मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून होतो, पोस्टरवर दोन्ही शाहिरांचे फोटो छापून, आणि तुडुंब गर्दी असते. सिंधुदुर्गातल्या डबलबारीचंही तेच. इकडे माळव्यात कबीराची भजनं गावातल्या मंडळ्या रात्र रात्र गायच्या. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले, आजारपणात पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं ऐकली आणि ती थेट मैफलीत नेली. पुढे प्रह्लादसिंग टिपानियांसारखा खेड्यातला शिक्षक तंबुरा घेऊन गायला लागला, कॅसेटी निघाल्या, २०११ साली पद्मश्री मिळाली. तरी तिकडच्या गावागावांत मंडळ्या अजून बसतात. म्हणजे कॅसेट काय, पद्मश्री काय, गाणं त्यानेही टिकू शकतं.

मग आमचंच का गेलं? मला वाटतं, आमच्या गाण्याचा जीव आवाजात नव्हताच. तो समोरच्या पक्षात होता. भजन एकट्यालाही म्हणता येतं. सवालाला समोर कुणीतरी लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. कॅसेटने आवाज घेतला आणि समोरचा माणूस उठून गेला. कोकणवाल्यांनी तिकीट लावलं, पण दोन्ही शाहिरांना समोरासमोर उभं ठेवलं. आम्ही तिकीटही लावलं नाही आणि समोरचा गमावून बसलो.

१९९४ मध्ये मी बुऱ्हाणपूरच्याच शाखेत मॅनेजर म्हणून आलो. तेव्हा पंतप्रधान रोजगार योजना नुकतीच आली होती. अठरा ते पस्तीस वयाच्या सुशिक्षित बेकारांना धंद्यासाठी एक लाखापर्यंत कर्ज, प्रकल्पाच्या पंधरा टक्के पण जास्तीत जास्त साडेसात हजार सबसिडी, पाच टक्के स्वतःचे. एक दिवस केबिनचं दार ढकलून आमचे उस्ताद आले. बरोबर नातू. ऐंशी हजाराचा प्रकल्प: अँप्लिफायर, चार कॉलम, मिक्सर, माइक, जनरेटर. लग्नात आणि गणपतीत साउंड लावायचा.

मी उठून खुर्ची दिली. ते बसले नाहीत. लहानपणापासून मला ‘बेटा’ म्हणणारा माणूस म्हणाला, “साहब, इसको मशीन दिला दो. गले का जमाना गया.” कर्जापेक्षा तो ‘साहब’ मला जड गेला.

कर्ज मंजूर झालं. पोराने एक हप्ता चुकवला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण त्या योजनेतली कितीतरी खाती बुडाली होती. त्या मशीनवर त्याने दोन बहिणींची लग्नं केली, पक्कं घर बांधलं, मुलीला शिकवून नर्स केलं. मागाचं काय झालं ते आपण सगळे जाणतो. लालबागची ताप्ती मिलसुद्धा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. तेव्हा आज डीजेच्या भिंती बघून माझ्याही छातीत धडधडतं, पण त्या भिंतीमागे कुणाचं तरी घर उभं आहे हेही मला दिसतं. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी प्रेक्षक मिळतात, त्यावर आमच्या वयाची माणसं नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. आपल्या शेजारची बोली, जिला कालपर्यंत लोक गावंढळ म्हणायचे, तिच्यावर पोरं कमावतायत. चांगलंच आहे.

आता मुद्द्यावर येतो. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी त्यांचा हाच नातू, आता पन्नाशी ओलांडलेला, माझ्याकडे एक पत्र्याची पेटी घेऊन आला. आत तीन बाडं. लाल कापड विरलेलं, एका वहीला वाळवी लागलेली. म्हणाला, “काका, एक जण विकत मागतोय, जुन्या वस्तूंचा व्यापारी आहे. आणि माझी पोरगी म्हणते विकू नका, नेटवर टाका. तुम्ही सांगाल तसं करतो.”

मी सांगणारा कोण? ती वही तुर्ऱ्याची, आणि तिचा कायदा असा की समोरच्याला ती दिसता कामा नये. नेटवर टाकली म्हणजे सगळ्यांनाच दिसली. पण समोरचं आता कोण उरलंय? मी म्हटलं, आधी तेवढं बघून येऊ.

आम्ही दोघं नदीपलीकडे गेलो. गुजर उस्ताद कधीच गेले होते. त्यांचे धाकटे भाऊ होते, नव्वदीच्या घरातले, केळीच्या बागेतल्या खोलीत खाटेवर. मी ओळख दिली, हिशेब ठेवणारा पोरगा म्हणून. त्यांना आठवलं. मग नातवाने सांगितलं, मी कोणाचा. म्हातारे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मी विषय काढला, की त्या कॅसेटचं तेव्हा जाणूनबुजून झालं नव्हतं. ते म्हणाले, “ते आम्हाला दुसऱ्याच वर्षी समजलं होतं. पण बोलावणं कोणी पाठवायचं, यात दोघंही म्हातारे झाले.”

आणि मग म्हणाले, “दादाने जवाब जोडून ठेवला होता. होळीच्या आधीच.”

एकेचाळीस वर्षं झाली होती. मी अगदी पोरासारखं विचारलं, काय होता? सात हजार दोनशे कोणाच्या खात्यात?

म्हाताऱ्याने मान हलवली. “असा नाही सांगता येत. जवाब चंगवरच.”

बाडं नेटवर टाकायला त्यांची ना नव्हती. एकच अट घातली: दोन्ही पक्षांची एकदम टाका, आणि त्याआधी एक दंगल होऊ द्या. त्यांच्या चुलतनातवाला जवाब तोंडपाठ आहे. तो जळगावला नोकरी करतो, शनिवार-रविवार येतो. आमच्याकडून नातवाची मुलगी गाणार, असं ठरलंय. हो, मुलगी. मी म्हाताऱ्यांना भीत भीत विचारलं होतं, मुलगी सतरंजीवर चालेल का? ते म्हणाले, “आम्ही तर शक्तीच्या बाजूचे. आम्हाला काय विचारता? तुमच्या शिवाला विचारा.”

तेव्हा मंडळी, येत्या होळीला जमवायचा विचार आहे. साउंड नातूच लावणार आहे, पण कॉलम दोनच, असं बजावून ठेवलंय. तिकीट नाही. चहाचा खर्च मी लिहिणार आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या या ग्रुपवर बुऱ्हाणपूर, शाहपूर, इच्छापूर, रावेर, खंडवा इकडची पुष्कळ घरं आहेत, आणि इथून निघून पुण्या-इंदुरात स्थायिक झालेलीही आहेत. कुणाच्या माळ्यावर, देव्हाऱ्याखाली, जुन्या ट्रंकेत असं बाड, भजनाची वही, ओव्यांचं टिपण, मेळ्याची पदं असतील तर रद्दीत घालू नका. व्यापाऱ्याला देण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. कुणाच्या हातचं आहे, कोणत्या गल्लीत गात, साथीला कोण होतं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून पहिल्या पानावर लिहा. रचनाकाराचं नाव ठाऊक असेल तर ते मोठ्या अक्षरात घाला, ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होऊ नका. आणि आई-आजीला गाणी येत असतील तर आज संध्याकाळीच फोन समोर ठेवून बसा. माझ्या आईच्या बाबतीत ती सोय नव्हती. तुमच्याकडे आहे.

श्वासांचा जवाब काय होता, ते होळीनंतर लिहीन. तोवर मुदत.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, बुऱ्हाणपूर